पाहिली – इंगा

माल्टा, मोंटाना
सोमवार, ९ एप्रिल १९८४

प्रिय आर्लिस,

ड्वेन शुक्रवारी ट्रक घेऊन ग्रँड फोर्क्सला निघालाय. वाटेत रग्बीला थांबून तो तुला एक डबा देईल. भरलेली काडतुसं पोस्टाने पाठवू देत नाहीत हे तू जाणतेसच. तेव्हा ड्वेनला कॉफी पाज आणि त्याच्या ट्रकची थोडी तारीफ कर, म्हणजे पुढच्या वेळीही तो नाही म्हणणार नाही.

डब्यात पन्नास आहेत. मे महिन्यातल्या लॉइडच्या स्मृतिस्पर्धेसाठी. तुझ्या नवऱ्याला अख्ख्या जगात हेच एक स्पॅनिश पिस्तूल सापडलं का, असं मी त्याला पंचवीस वर्षं विचारत होतो. आता तो नाही तर तुला विचारतो. दुकानात याची काडतुसं मागितली की दुकानदार असा बघतो, जणू मी घोडागाडीसाठी टायर मागतोय. म्हणून पुन्हा तेच केलं. रायफलीच्या टाकून दिलेल्या पुंगळ्या जमवल्या, एकेक कापून आखूड केली, घासली, बुडातली ठिणगीची टोपी नवी बसवली, दारू घातली, वर शिसं दाबलं. पन्नास पुंगळ्यांना तीन आठवडे गेले. पूर्वी चार दिवसांत होत असे.

इंगा गेल्यानंतर त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच बसलो. ठीक होतं. मधेच विमेवाल्याचा फोन आला आणि त्याने अर्धा तास खाल्ला, बाकी काही नाही.

इथे वारा थांबत नाही आणि मीही. कुंपण रंगवलं. विहिरीचा पंप उघडला, जोडला, मग कालच्यापेक्षा जास्त गळायला लागला म्हणून परत उघडला. पुढच्या बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, गाडीच्या लायसन्ससाठी त्यांना कागद हवाय. नुसती कटकट.

डबा पोचल्याचं लिही. फोन करू नकोस, कानातलं यंत्र फक्त शिट्ट्या मारतं.

तुझा भाऊ
मर्ल


रग्बी, नॉर्थ डकोटा
मंगळवार, १७ एप्रिल

प्रिय मर्ल,

डबा मिळाला. ड्वेनने चार कप कॉफी प्यायली, बटाट्याच्या सहा लेफ्से पोळ्या लोणी-साखर लावून खाल्ल्या आणि त्याच्या ट्रकबद्दल मला इतकं सांगितलं की आता मी तो दुरुस्तही करू शकेन.

मर्ल, मी डबा उघडला आणि आतलं कार्ड वाचून खाली बसले. तुझ्या प्रत्येक डब्यात ते कार्ड असतं. तीस वर्षं ते मी बघितलंय आणि कधी नीट वाचलं नव्हतं. तारीख, दारू कुठली, किती, आणि खाली दोन ओळी. भरली – मर्ल. पाहिली – इंगा. तू दारू घालायचास आणि शिसं बसवण्याआधी इंगा स्वयंपाकघरातून यायची, हातातला सेलवरचा दिवा लावून पन्नासही पुंगळ्यांत एकेक करून डोकवायची. एप्रनला हात पुसत. एकदा मी म्हटलं होतं, अगं, तुझा नवरा काय आंधळा आहे? तर ती म्हणाली, आंधळा नाही, पण त्याला स्वतःचं बरोबरच दिसतं.

आणि ती गेल्यावर सहा महिन्यांनी तू या कार्डावर तिचं नाव लिहिलंस. तू! जो लग्नाच्या वाढदिवसाला तिला पान्यांचा संच देतो! मी नेमबाजीच्या क्लबात ते कार्ड वाचून दाखवलं. केर्मिट आसेनने नाक शिंकरलं आणि मग पंधरा मिनिटं हवामानावर बोलला. स्पर्धेच्या दिवशी ते कार्ड लॉइडच्या फोटोशेजारी ठेवायचं ठरलंय.

आणखी एक ठरलंय. पहिलं मॅगझिन सिग्ने झाडणार. आमची नात आता दवाखान्यात नर्स आहे, अंगात आजोबांसारखाच हट्ट आहे. रविवार, २७ मे. तू येशील तर गाडी स्टेशनावर पाठवते.

डोळ्यांचा डॉक्टर काय सांगतो ते लिही.

तुझी
आर्लिस


माल्टा
सोमवार, २३ एप्रिल

आर्लिस,

तो डबा परत पाठव. ड्वेन पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने परतेल, त्याच्याकडे दे. मी वापरलेलं शिसं फार मऊ निघालं. नळीत चिकटेल आणि लॉइडचं पिस्तूल खराब होईल. मी दुसरी भरून देतो.

ते कार्ड कुणाला दाखवत बसू नकोस. सवयीने लिहिलं गेलं, त्यात एवढं काही नाही. फोटोशेजारी तर मुळीच ठेवू नकोस.

डॉक्टर ठीक म्हणाला.

मर्ल


रग्बी
मंगळवार, १ मे

मर्ल,

ड्वेन आला होता. मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं, आणि या खेपेला लेफ्सेही दिल्या नाहीत, बिचाऱ्याची काही चूक नसताना.

मऊ शिसं! लॉइड आणि तू याच शिशावर आयुष्यभर अभिमानाने बोलत आलात. एका कार्डाबद्दल चार चांगले शब्द लिहिले, तर लगेच तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकोची आठवण काढली म्हणून तू काही लहान होत नाहीस, मर्ल.

की गोष्ट दुसरीच आहे? लॉइडच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात, सगळे हॅमचे सँडविच खात असताना, तू मला विचारलं होतंस की त्या पिस्तुलाचं काय करणार. मी विसरलेले नाही. तुला वाटतं की ते तुझ्याकडे असायला हवं होतं, मला आणि एका पोरीला त्यातलं काय कळतं? आता काडतुसंच नसली की पिस्तूल आपोआप कपाटात पडून राहणार, नाही का?

तर ऐक. कालच मी त्यातली सोळा झाडली. सगळी उत्तम गेली. तुझं मऊ शिसं कुठेही चिकटलं नाही.

आर्लिस


माल्टा
गुरुवार, १० मे

आर्लिस,

सोळा नीट गेली हे बरं झालं. खरंच बरं झालं.

उरलेली चौतीस झाडू नकोस. एवढं ऐक. पिस्तुलाशी मला काही देणंघेणं नाही, लागलं तर बायबलवर हात ठेवून सांगतो.

इथे पाऊस नाही. पंप पुन्हा उघडलाय. जेवण बनवतो आणि खायचं विसरतो. जिवाला चैन नाही, तेव्हा पत्र एवढंच.

मर्ल


माल्टा
सोमवार, २१ मे
(तातडीचं टपाल)

आर्लिस,

परवा ड्वेनच्या बायकोने माझ्या सांगण्यावरून तुला फोन केला आणि तू तिच्या कानात फोन आपटलास. डोरीन रडली. चूक तिची नव्हती. मी तिलाही मऊ शिशाचंच सांगितलं होतं. म्हणजे मी तुला खोटं लिहिलं, तिच्या तोंडून खोटं बोलवलं, आणि आता रविवार सहा दिवसांवर आला.

शिसं चांगलं आहे. दारूत गडबड आहे. उरलेल्यांपैकी एखाद्या काडतुसात दारू दोनदा पडली असेल. नक्की माहीत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट. या पिस्तुलाला दारू एवढीशीच लागते, त्यामुळे दोनदा पडली तरी पुंगळीत मावते आणि वरून काहीही कळत नाही. काडतूस बाहेरून तोललं तरी उपयोग नाही, पुंगळ्याच सारख्या वजनाच्या नाहीत, मीच तर त्या कापल्या. ते जुनं पिस्तूल एवढा दाब सोसणार नाही. झाडणाऱ्याच्या हातात फुटेल. सिग्नेच्या हातात, आर्लिस.

आता सगळं सांगतो, एकदाच सांगतो.

त्या दिवशी विमेवाल्याचा फोन आलाच नव्हता. मला फोन ऐकू येत नाही हे मी त्याच पत्रात खाली लिहिलं होतं, तरी तू मला पकडलं नाहीस. इतर वेळी तू माझी एक चूक सोडत नाहीस.

पन्नास पुंगळ्या फळीच्या भोकांत उभ्या होत्या. मी ओळीने दारू घालत चाललो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. आणि इंगाने हाक मारली. "मर्ल, कॉफी झाली." रोजच्यासारखी, जरा कंटाळलेली. कानात यंत्र नव्हतं. ड्वेनचा ट्रक अंगणात आला तरी मला कळत नाही, पण तिची हाक स्पष्ट ऐकू आली. मी "आलो" म्हटलं. उठलो, स्वयंपाकघरात गेलो. चूल थंड होती. टेबलावर माझाच सकाळचा कप होता. तिथे किती वेळ उभा होतो, देव जाणे.

परत आलो तेव्हा कुठल्या ओळीपर्यंत आलो होतो ते आठवेना.

नियम मला माहीत आहे. मी तो अर्ध्या जिल्ह्याला शिकवलाय. मधे उठलास, तर सगळ्या पुंगळ्या उलट्या कर आणि पहिलीपासून सुरू कर. पण मी जर त्या उलट्या केल्या असत्या, तर मी का उठलो हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. म्हणून अंदाजाने पुढे गेलो. मग तिचा दिवा घेतला आणि पन्नासही पुंगळ्यांत स्वतः डोकावलो. सगळ्या सारख्या दिसल्या. दोनदा डोकावलो. आणि कार्डावर तिचं नाव लिहिलं. तिच्यासाठी नाही लिहिलं, आर्लिस. तू रडलीस, केर्मिटने नाक शिंकरलं, आणि मी फक्त तुला विश्वास वाटावा म्हणून मेलेल्या बायकोची खोटी सही केली होती.

डबा गेल्यावर पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होईपर्यंत गाडी नाही. मी विचारलं, बोटाएवढ्या अरुंद नळीत दिव्याने बघितलं तर तळ दिसेल का? तो म्हणाला, नळीच्या तोंडापलीकडे तुम्हाला काही दिसत असेल असं मला वाटत नाही. तेव्हा सगळं कळलं. त्या दिवशी मी शंभर वेळा अंधारातच बघत होतो.

तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. लाज वाटली. एकदा लिहिलं की हे टेबल सुटणार, हे कळत होतं, आणि टेबल सुटलं तर या घरात माझ्यासाठी फक्त तो पंप उरतो.

लॉइडचा तो पोकळ हातोडा गराजमध्ये असेल. उरलेली सगळी उकल. एकही ठेवू नकोस.

मर्ल


रग्बी
सोमवार, २८ मे

मर्ल,

पत्र गुरुवारी दुपारी आलं. मी अंगणात उभ्यानेच वाचलं आणि आधी दोन गोष्टी केल्या. डोरीनला फोन करून माफी मागितली. आणि डबा उचलून लाकडं फोडायच्या ओंडक्याशी गेले.

तुझी काळजी आधी मिटवते. मी एकही काडतूस झाडलं नव्हतं. सोळाचं खोटं होतं. खोटं बोलण्यात तू एकटाच नाहीस, आईने आपल्याला दोघांनाही सारखंच वाढवलं. लॉइड गेल्यापासून तीन वर्षांत मी ते पिस्तूल खणातून बाहेरच काढलेलं नाही. त्याला त्याच्या तेलाचा वास येतो. स्पर्धा भरवते, चषक देते, भाषण करते, आणि खण उघडत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा संतापाच्या भरात लिहून मोकळी झाले, तुझं तोंड बंद करावं म्हणून. तुझा जीव टांगणीला लागेल हे मनातही आलं नाही.

पोकळ हातोडा मिळाला. काडतूस आत अडकवायचं, ओंडक्यावर दोन-तीन ठोके, की शिसं आणि दारू सुटी होते. प्रत्येकाची दारू बशीत ओतायची आणि लॉइडच्या तराजूत घालायची. दहा झाली, ठीक. वीस झाली, ठीक. तिसाव्यापर्यंत तर मी तुला शिव्या देत होते, की म्हाताऱ्याने उगाच माझी गुरुवारची दुपार घालवली. पत्राची पहिली ओळही मनात तयार होती.

एकेचाळिसावं ओतलं, तेव्हा दारू पडली आणि पडतच राहिली.

तराजूत घातली. बरोबर दुप्पट. मी पुन्हा तोलली, मग चष्मा पुसून पुन्हा. नंतर ओंडक्यावर बसले. शेजारची बाई कुंपणावरून काहीतरी विचारत होती, तिला मी काय उत्तर दिलं कोण जाणे. मला एकसारखे सिग्नेचे हात दिसत होते. तिचे हात छान आहेत, मर्ल. परवाच तिने एका नवजात बाळाला सुई लावली, आणि ते जागंही झालं नाही म्हणाली.

उरलेली नऊही उकलली. ठीक होती. सगळी दारू रुबार्बच्या वाफ्यात टाकली, लॉइड टाकायचा तशी.

मी तुला लिहू शकले असते की पन्नासही बरोबर निघाली. लॉइडने तसंच लिहिलं असतं, तो मऊ होता. रात्रभर विचार केला. पण इंगाने तुझ्यापासून एकही पुंगळी लपवली नसती, म्हणून मीही लपवत नाही. तुझ्या हातून हे झालं. एकेचाळिसावी. तू मला वेळेवर सांगितलंस, पण अगदी शेवटच्या क्षणी सांगितलंस, आणि दोन्ही खरं आहे.

रविवारी काय झालं ते सांगते. फोटो ठेवला, कार्ड ठेवलं नाही. मी शेडच्या पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, आज लॉइडचं पिस्तूल झडणार नाही. डब्यातल्या एकात दारू दोनदा पडली होती, मी सगळी उकलली. तुझं नाव घेतलं नाही, पण ती काडतुसं कोण भरतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला वाटलं कुणीतरी काहीतरी लागट बोलेल. तर केर्मिट आसेन उठला, डाव्या हाताचा मोजा काढला आणि हात वर धरला. त्याला अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच आहे. वीसहून जास्त वर्षं तो ते गवत कापायच्या यंत्रात गेलं म्हणून सांगत होता. म्हणाला, "एकसष्ट साली. मी काडतुसांत दारू भरत होतो, रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू होता. होमरन झाला, मी उठून नाचलो, आणि परत बसलो."

मग आणखी दोघे बोलले. मी त्या माणसांबरोबर अर्धं आयुष्य काढलंय आणि कालपर्यंत मला वाटत होतं, यांच्यातल्या कुणाची कधी चूकच झाली नाही.

सिग्नेने रिकामं पिस्तूल हातात घेतलं, निशाण्यावर धरलं आणि एकदा चाप ओढला. टक. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मग बाकीच्यांनी आपापल्या पिस्तुलांनी स्पर्धा उरकली आणि आम्ही बटाट्याची कोशिंबीर खाल्ली.

त्या हाकेबद्दल. लॉइड अजून संध्याकाळी गराजचं दार उघडतो. मला ते ऐकू येतं, आणि माझे कान शाबूत आहेत. मी उठत नाही, कारण एकदा उठले होते. तुला वेड लागलेलं नाही. लागलं असेल तर दोघांनाही लागलंय.

आता हुकूम ऐक. डोळ्यांची तारीख घे. ऑपरेशन होईपर्यंत त्या टेबलाशी बसायचं नाही, फळी पुसायलासुद्धा नाही. जुलैत मी आगगाडीने येते. माझे डोळे गेल्याच वर्षी नवे झालेत आणि मला तुझं बरोबर दिसायची अजिबात सवय नाही. तू भरशील, मी बघेन.

तुझी
आर्लिस

पुंगळ्या ड्वेनबरोबर परत पाठवते. एकोणपन्नास आहेत. एकेचाळिसावी मी ठेवली.


माल्टा
सोमवार, ४ जून

प्रिय आर्लिस,

तुझं पत्र ड्वेनसमोरच वाचलं. तो खिडकीबाहेर बघत बसला, चांगला माणूस आहे. एकेचाळिसाव्या काडतुसाच्या ओळीशी आलो तेव्हा मीही बसलो. धन्यवाद म्हणणं फार थोडं आहे, पण दुसरा शब्द मला येत नाही.

सिग्नेला मी वेगळं पत्र लिहिलंय. सगळं खरं लिहिलंय. ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.

तारीख मिळाली, १९ जून, आधी उजवा डोळा. तोपर्यंत टेबलावर चादर टाकलीय. खोलीत जातो, चादरीकडे बघतो, बाहेर येतो. दिवसातून दहा वेळा. पंप सुटा होऊन अंगणात पडलाय आणि पाणी मी शेजाऱ्याकडून आणतो. तू येशील तेव्हा हसू नकोस.

परवा सकाळी पुन्हा हाक आली. कॉफी झाली. या वेळी हातात काहीच नव्हतं, म्हणून मी सरळ उठून गेलो. चूल थंडच होती. पण आलोच होतो, म्हणून पेटवली आणि कॉफी केली. सवयीने दोन कप काढले. दोन्ही मीच प्यायलो.

पुंगळ्या मोजून घेतल्या. एकोणपन्नासच राहू देत, पन्नासावी मी कापणार नाही. इंगाचा दिवा टेबलाच्या खिळ्याला अडकवलाय आणि त्यात नवे सेल घातलेत. कार्डही लिहून ठेवलंय. हात रिकामे असले की मला काहीतरी करावं लागतं, हे तू जाणतेस. त्यावर तारीख नाही. भरली – मर्ल, एवढं लिहिलंय. त्याखाली पाहिली, एक आडवी रेघ, आणि पुढे काही नाही. पेन शेजारीच ठेवलंय.

ती जागा मी भरणार नाही.

तुझा
मर्ल